वाटाड्या मरून राहिला

मेलेल्या माणसाला खेळात परत घ्यायचं नाही, हा माझा नियम होता आणि तो मी पहिल्याच रविवारी सगळ्यांना ठणकावून सांगितला होता. ज्याचा माणूस मेला त्यानं मुकाट्यानं नवा माणूस तयार करायचा. रडारड करायची नाही, माझ्याकडे वशिला लावायचा नाही. मी गणित शिकवायचे. उत्तर चुकलं तर चुकलं, मागच्या पानावर जाऊन प्रश्न बदलता येत नाही, अशा वळणाची मी बाई.

खेळ काय होता ते सांगते, कारण तेव्हा अमरावतीच्या राजापेठेत कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात. मी सांगायचं की समोर बंद दरवाजा आहे आणि आतून कुणीतरी कण्हतंय. त्यांनी ठरवायचं की दार ढकलायचं, हाक मारायची की पळायचं. केलेलं जमलं की फसलं, हे नशिबावर. त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो असं पुस्तकात लिहिलं होतं. तसला फासा आमच्याकडे कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मग आम्ही हाऊजीच्या डब्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या एका कापडी पिशवीत टाकल्या. पिशवीत हात घालायचा, एक काढायची आणि न पाहता माझ्या हातात द्यायची. आकडा मी वाचायची. मोठा निघाला तर जमलं, लहान निघाला तर फसलं आणि एक निघाला तर कल्याणच.

पुस्तक माझ्या धाकट्या भावाचं. तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि मागे हे जाडजूड इंग्रजी बाड ठेवून गेला. मी ते रागानं वाचायला घेतलं होतं, की या पोरानं अभ्यास सोडून इतकी वर्षं केलं तरी काय. आणि मग मीच त्यात अडकले.

आमचे शिकवणीवर्ग एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर भरायचे. रविवारी दुपारी वर्ग रिकामा असे. खेळायला आम्ही चौघं. एक मी. एक अकोल्याचा गादीवाला, त्याचं तिथे गाद्या-रजयांचं दुकान होतं. माझ्याकडे रजया टाकायला आला तो खेळ पाहत बसला आणि दर रविवारी एसटीनं येऊ लागला. दुकान त्या दिवशी त्याचा भाऊ पाहायचा. एक पुण्याची, बँकेत लागलेली, पहिलीच बदली अमरावतीला मिळाल्यामुळे सुरुवातीला सतत रडवेली असलेली मुलगी. आणि चौथा मास्तर.

मास्तर माझ्याच वर्गात सकाळी फिजिक्स शिकवायचा. दिवसा तो एका विनाअनुदानित कॉलेजात होता. विनाअनुदानित म्हणजे काय हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अनुदान येणार, येणार म्हणत संस्था माणसाला राबवते आणि माणूस येणार, येणार म्हणत राबतो. त्याचं गाव कौंडण्यपुराच्या बाजूला, वर्धा नदीच्या काठी. घरची शेती होती, बाप धडधाकट होता, दारात कुणी तगादा लावून उभं नव्हतं. त्याचं दुखणं निराळं होतं. या शेतातून बाहेर पड म्हणून बापानं शिकवलं. शिकून तो जिथे पोचला तिथून पुढे रस्ता नव्हता आणि मागे जायची लाज वाटत होती. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारायचे, “पर्मनंट आहेत का?” गावी गेला की आई विचारायची, “झालं का रे काई?” या दोन प्रश्नांना तो इतका भ्यायला लागला की त्यानं गावी जाणंच सोडलं.

ती वर्षंही तशीच होती. रोज सकाळी पेपरात जीव दिलेल्या शेतकऱ्यांची एक चौकट असायची, गावाचं नाव आणि माणसाचं वय. आम्ही शहरातले लोक ती चौकट ओलांडून पुढचं वाचायला शिकलो होतो. मास्तर फक्त तीच वाचायचा. वर्ग सुरू व्हायच्या आधी, उभ्या उभ्या, आणि मग पेपर घडी करून ठेवून न्यूटनचे नियम शिकवायचा.

एरवी तोंड न उघडणारा हा माणूस खेळात मात्र सुटायचा. त्याचं पात्र होतं एक वाटाड्या. लंगडा, बढाईखोर, जगातल्या प्रत्येक नदीचा उतार आपल्यालाच ठाऊक आहे असं सांगणारा. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. मास्तरनं लहानपणी वर्धेचे उतार पायांनी शोधले होते, त्यामुळे वाटाड्या बोलू लागला की खोलीत नदीच यायची. पाय कसा टाकायचा, वाळू खालून सरकते तेव्हा काय करायचं, म्हैस पाण्यात थांबली तर का थांबायचं. पुण्याची मुलगी तोंड उघडं टाकून ऐकायची. गादीवाला म्हणायचा, “मास्तर, तू कॉलेजात असा बोलला असता तं पोट्टे खिडकीतून आत आले असते.”

गोष्ट सांगताना मी पुस्तकी मराठी बोलायची. ती माझी मिजास होती. ‘किल्ल्याच्या तटावर अंधार दाटला होता’ असलं काहीतरी. पण त्या रविवारी नदी ओलांडताना वाटाड्या सगळ्यांत पुढे होता, मास्तरनं सोंगटी काढून माझ्या हातात दिली आणि आकडा निघाला एक. मी खुर्चीवरून उठलेच. लोंढा आला, दोर सुटला. गादीवाल्याच्या माणसानं हात पुढे केला, त्याची सोंगटी निघाली चार, हात पोचला नाही. या गडबडीत माझी पुस्तकी भाषा गळून पडली आणि मी ओरडले, “अरे, वाटाड्या मरून राहिला.”

आमच्या बोलीत जेवून राहिला म्हणजे जेवतोय, झोपून राहिला म्हणजे झोपतोय. तसं मरून राहिला म्हणजे मरतोय, धावा, काहीतरी करा. पण पुण्याची मुलगी इतका वेळ माझी छापील मराठी ऐकत होती. तिनं हेही छापीलच धरलं.

“एक मिनिट ताई,” ती म्हणाली, “मरून राहिला म्हणजे? मेला, आणि तरी इथेच राहिला? भूत झालं का त्याचं?”

गादीवाल्याच्या नाकातून चहा बाहेर आला. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. ती बिचारी लाजून लाल झाली आणि मग तीही हसू लागली. तेवढ्यात मास्तरची दुसरी सोंगटीही लहान निघाली आणि वाटाड्या नियमाप्रमाणे मेला. हसणं थांबल्यावर मला दिसलं की मास्तर एकदाही हसलेला नाही.

“बराबर बोलून राहिली ते,” तो म्हणाला. “मेला अन् राहिला. मले काढू नको, ताई.”

मी नियम सांगितला. नवा माणूस तयार कर, म्हटलं, तिरंदाज कर, हकीम कर, पुढच्या गावात यांना भेटव.

“नवा माणूस नाई बनवता येत मले,” तो म्हणाला. “करून पाह्यलं.”

ते तो खेळाबद्दल बोलत होता असं मला त्या क्षणी वाटलं. तरी मी, जन्मात कुणाला अर्धा मार्क वाढवून न दिलेली बाई, चक्क विरघळले. ठीक आहे म्हणाले. भूत हो. पण माझ्या अटींवर.

त्या आठवड्यात मी भावाच्या पुस्तकातलं भुतांचं प्रकरण वाचून काढलं. कुणाचं पात्र भूत होऊन परत आलं तर गोष्ट सांगणाऱ्यानं काय करावं, हे त्यात सविस्तर होतं. सार एवढंच, की भुताला काही उचलता येऊ नये, मारता येऊ नये, नाहीतर मरणाला किंमत उरत नाही. आणि भुताचं एखादं काम अपुरं असावं. ते पुरं झालं की त्यानं कायमचं जावं. मला हे पटलं. पुढच्या रविवारी मी मास्तरला विचारलं, “तुझ्या वाटाड्याचं काय राहिलंय अपुरं? काय झालं म्हणजे तो जाईल?”

त्याचं उत्तर तयार होतं. “त्याले काईच नाई पायजे. फक्त पाह्यचं हाये, का तो नसल्यावर तुमचं बराबर चालते का नाई. चाललं का मंग तो जाते.”

पुण्याची मुलगी म्हणाली, “किती गोड.” मला ते गोड वाटलं नाही, पण का वाटलं नाही हेही समजलं नाही. मी खेळ सुरू केला.

आता मंडळी नदीच्या अलीकडे अडकली होती, किल्ला पलीकडे होता आणि वाट दाखवणारा कुणी नव्हता. भूत काठावरच्या दगडावर बसलेलं असे. ते मदत करत नसे. विचारलं तरी उतार सांगत नसे. या दोघांनी आपल्या अकलेनं काही जमवलं, शेकोटी पेटवली, मासे पकडले, रानडुकराला हुसकावलं, की मास्तर मान हलवून म्हणायचा, “जमलं ना. मी नसलो तरी जमलं ना.” आणि त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं. तसलं समाधान मी फक्त प्रवासाला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे, सगळी दारं-खिडक्या लावून झाल्यावरचं.

गादीवाला भुताशी बोलायलाच तयार नव्हता. “आमच्या मुसलमानाईत मेलेला वापस येत नाई,” त्यानं मला बजावलं होतं. “जे त्याचा आवाज काढून बोलते ते दुसरंच काई असते. माहा माणूस कानात बोटं घालून बसते.” आणि तो खरोखर कानात बोटं घालून बसायचा. आम्ही त्यावरून त्याची खूप चेष्टा केली.

मग एका सकाळी वर्ग सुटल्यावर मास्तर मला म्हणाला, “ताई, तू फिजिक्स पाहून ठेव ना थोडं. फिरत्या वस्तूचा पाठ तुले जमल. तुह्यं गणित पक्कं हाये.” मी म्हटलं, मी कशाला? तू आहेस की. तो म्हणाला, “असू दे ना. पोट्ट्याईचं अडू नये कवा.” त्याच आठवड्यात त्यानं त्याची सायकल गादीवाल्याच्या भाच्याला दिली, कारण काय तर आता पायी चालायला बरं वाटतं. पुण्याच्या मुलीला त्यानं घर बदलून दिलं, नळाचं पाणी कुठल्या घरी नीट येतं ते हिंडून पाहून. सगळ्यांची सोय लावत चालला होता. आणि रविवारी भूत दगडावर बसून विचारत होतं, मी नसलो तरी जमलं ना.

मला कळलं तेव्हा मी जिन्यात होते. हातात खडूचा डबा होता. मी तिथेच पायरीवर बसले. भीती काय असते ते मला तोवर ठाऊक होतं असं मी समजत होते. तसं नव्हतं.

सरळ जाऊन विचारायचं धैर्य मला झालं नाही. वाटलं, मी शब्द उच्चारला तर तो खरा होईल. त्याच्या मनात अजून नुसताच धूर असेल आणि मी विचारल्यानं पेट घेईल. तेव्हा मला जे जमत होतं ते मी केलं. खेळ माझ्या हातात होता. या लोकांचं त्याच्याशिवाय चाललं की तो जाणार होता ना? तर मी त्यांचं चालूच देणार नव्हते.

पुढचे रविवार मी त्या दोघांचे हाल हाल केले. उतार सापडला की त्यावर मगर आणली. नाव बांधली की तिला वाळवी लावली. पूल सापडला तो मधूनच खचलेला. शेजारच्या गावातला म्हातारा वाट सांगायला तयार झाला तर त्याला ऐन वेळी लकवा झाला. पुण्याची मुलगी वैतागून म्हणायची, “ताई, हे जरा अती होतंय.” मी तिच्यावर डोळे वटारायची. आणि मास्तरकडे पाहत मोठ्यानं म्हणायची, “पाहा, वाटाड्या असता तर आतापर्यंत पार झाले असते.” भूत काहीच बोलायचं नाही. पण काम अपुरं होतं, म्हणून पुढच्या रविवारी परत यायचं. मला तेवढंच हवं होतं. एक रविवार, मग आणखी एक.

वर्गातही तेच. तो मला फिरत्या वस्तूचा पाठ समजावून सांगायला बसला आणि मी ठरवून मठ्ठ झाले. साधी साधी समीकरणं चुकवली. बळाच्या जागी वेग लिहिला. तो हताश होऊन म्हणाला, “ताई, तुले झालं तरी काय? हे तं तू आठवीच्या पोट्ट्याले शिकवते.” मी म्हटलं, नाही डोक्यात शिरत, तूच शिकव. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, कारण इतकं चांगलं समजावून सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता आणि मी त्याच्यासमोर बसून त्याचं शिकवणं वाया घालवत होते.

गादीवाल्याला मी सांगितलं. बसस्टँडवर त्याला गाठून सगळं सांगितलं. अकोल्याची गाडी लागली, भरली, निघून गेली, तरी तो चढला नाही.

“भाच्याले सायकल दिली तवाच मले समजायले पायजे होतं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “तुमी त्याले इचारलं?”

“नाही.”

“काहून?”

मी माझी भीती सांगितली. तो ऐकून म्हणाला, “ताई, तुमी भुताशी बोलून राहिल्या. माणसाशी बोला. तो जित्ता हाये अजून. सीधं इचारा, का बाबा, मरून राहिला का तू?”

मला राग आला. सांगणं सोपं आहे, म्हटलं, तुम्ही विचारा. तो म्हणाला, विचारतो. आणि त्याच्याकडूनही झालं नाही. पुढच्या शनिवारी त्यानं मास्तरला अकोल्याला नेलं, त्याच्या अम्मीनं पोटभर जेवू घातलं, दोघांनी दुकानात बसून कापूस पिंजला आणि रविवारी दोघं एकाच गाडीनं माझ्याकडे आले. गादीवाल्यानं दारातूनच माझ्याकडे पाहून मान नाही म्हणून हलवली. शब्द त्याच्याही तोंडातून निघाले नव्हते.

त्या रविवारी पुण्याची मुलगी भलतीच तयारीनं आली होती. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. कोवळी मुलगी, घरापासून लांब, तिच्या डोक्यावर हे कशाला, असा आम्ही विचार केला. तिनं आल्या आल्या जाहीर केलं, “आज आम्ही पार जाणार.” तिनं आठवडाभर डोकं लढवलं होतं. अलीकडच्या गावात भोपळ्याचे वेल आहेत, असं मी कधीतरी बोलून गेले होते. तिनं ते ध्यानात ठेवलं होतं. सुके भोपळे गोळा करायचे, बाजेला चारी बाजूंनी बांधायचे, तो तराफा. मगरीसाठी वरच्या अंगाला मेलेलं रानडुक्कर टाकायचं. दोर या काठाच्या झाडाला. मी एकेक खोट काढत गेले आणि तिच्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. शेवटी मला अडवायला काही उरलं नाही.

“काढ सोंगटी,” मी म्हणाले.

तिनं पिशवीत हात घातला, सोंगटी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एकोणीस.

मी मूठ मिटली. “दोन,” मी म्हणाले. “भोपळे फुटले. तराफा बुडाला.”

मास्तर माझ्या शेजारी बसला होता. त्यानं हळूच माझी मूठ धरली आणि एकेक बोट सोडवलं. त्यात जबरदस्ती नव्हती. लहान मुलाच्या हातातून एखादी वस्तू काढून घ्यावी तसं. सोंगटी टेबलावर ठेवली.

“एकोणीस हाये,” तो म्हणाला. “कवापासून खोटं बोलून राहिली, ताई?”

त्याला उत्तर नकोच होतं.

“चला. गेले पार,” तो म्हणाला. “वाटाड्याचं काम झालं.” आणि खुर्ची मागे सारून उठला. दारापाशी जाऊन चपला शोधू लागला. त्याच्या हालचालीत घाई नव्हती. शांत होता तो, आणि ती शांतता मला असह्य झाली. मी मधे जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

“तू जीव देणार आहेस का?” मी विचारलं. पुस्तकी भाषेत विचारलं.

पुण्याच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गादीवाल्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, हसेल, चिडेल. त्यानं एका पायात घातलेली चप्पल काढून पुन्हा नीट जोडीनं ठेवली.

“हो,” तो म्हणाला.

“कवा?” गादीवाल्यानं विचारलं.

“परीक्षा झाल्यावर. आता पोट्ट्याईचं नुकसान झालं असतं.”

मी त्याला बोलले, वाट्टेल ते बोलले. काय बोलले ते आज शब्दाशब्दानं आठवत नाही. पोरांचं नुकसान दिसतं आणि आमचं दिसत नाही का, आईबापाचं दिसत नाही का, असंच असणार. दारावर हात आपटल्याचं आठवतं, कारण तो नंतर सुजला. तो सगळं ऐकून घेत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, “तुमचंच तं पाहून राहिलो होतो ना इतके दिवस. आबा-आईचं तसंबी माह्यावाचून चाललंच हाये. तुमचं पाहायचं होतं. चाललं तुमचं. आता तुमी रागावू नका.”

त्याचा हिशोब मला मांडल्यासारखा दिसत होता आणि त्यात चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधूनही.

ती सापडली पुण्याच्या मुलीला. ती रडत होती, पण बोलताना तिचा आवाज चिडलेला होता, काउंटरवर कुणी चुकीचा कागद पुढे सरकवल्यासारखा.

“चाललं कुठे?” ती म्हणाली. “तुम्ही तर इथेच बसला होतात.”

तो तिच्याकडे पाहू लागला.

“दर रविवारी तुम्ही या खुर्चीत बसला होतात. माझा चहा गार झाला की तुम्ही बदलून देत होतात. भोपळ्याचं सुचलं ते मी आधी तुम्हालाच सांगणार होते, मग म्हटलं नको, खेळ आहे. तुम्ही नसताना आम्ही एकदासुद्धा खेळलो नाही. एकदासुद्धा नाही. मग आमचं चालतं हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

तो उभाच होता. मग भिंतीला धरून खाली बसला, चपलांच्या शेजारी. गादीवाला उठला आणि त्याच्याजवळ जाऊन बसला. खालच्या दुकानातून शिलाई मशीन चालवून पाहिल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. अनुदान आलं नाही. मुलीकडचं पुन्हा कुणी आलं नाही. पेपरातली चौकट रोज तशीच येत राहिली. आम्ही त्याला अमरावतीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, तो आला, गोळ्या सुरू झाल्या. काही दिवस एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून गादीवाला त्याला अकोल्याला घेऊन गेला. मास्तरच्या बापाला मी जाऊन सांगितलं. बाप ऐकून घेत असताना हातातलं वखराचं दांडकं पुसत राहिला, पुसून झालेलं पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, “पर्मनंट नाई झाला तं काय झालं. आमी काय पर्मनंट हाओ?” मी त्याला म्हटलं, हे तुम्ही त्याला सांगा. तो त्याच दिवशी अकोल्याला गेला.

तरी माझी भीती गेली नाही. फोन वाजला की मी हातातला खडू टाकून धावायची. रविवार आला. मास्तर आणि गादीवाला अकोल्यात. पुण्याची मुलगी वेळेवर आली आणि नेहमीच्या जागी बसली. मी पिशवी टेबलावर ठेवली. तिनं पिशवीकडे पाहिलं, हात घातला नाही.

“पार तर झालोय आपण,” ती म्हणाली. “पुढे सांगा ना.”

मी तोंड उघडलं. पलीकडचा काठ, किल्ला, तटावरचा अंधार, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. एक वाक्य बाहेर येईना. आम्ही दोघी त्या दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिलो. चहा आला, तसाच राहिला. शेवटी मी गादीवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, मास्तरला द्या.

“हं, ताई,” तो म्हणाला. आवाज जड होता, गोळ्यांनी. “गेले का किल्ल्यात?”

“नाही.”

“काहून?”

“नाही जमत आमाले,” मी म्हणाले. “बसून हाओ नुसत्या.”

“खोटं बोलून राहिली का?”

“नाही,” मी म्हणाले. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. “खरंच नाही हो जमत,” ती म्हणाली आणि रडू लागली, म्हणून मी तो परत घेतला.

मला मास्तरचा श्वास ऐकू येत होता आणि मी तो ऐकत होते, एकेक, थांबेल या भीतीनं.

“बसा मंग तिथीच,” तो म्हणाला. “येतो मी.”